बऱ्हाणपूरचे आंबे आणि दख्खनचा सुभेदार

बऱ्हाणपुरात आंब्याचं एक झाड होतं. त्याची फळं शाहजहानला इतकी आवडायची की झाडाचं नावच 'बादशाहपसंद' पडलं. शाहजादा असताना त्याने या गावात बरेच दिवस काढले होते. बादशहा झाल्यावर मुमताजमहल वारली, तीही इथेच, १६३१ मध्ये. पुढे तो उत्तरेत गेला, पण या झाडाचे आंबे हंगामात डाकेने त्याच्याकडे जात राहिले. १६५० च्या दशकात दख्खनचा सुभेदार होता औरंगजेब, त्याचा सख्खा मुलगा. एका हंगामात आंबे कमी पोचले, आणि पोचले तेही धड नव्हते. बापाने मुलाला खरमरीत लिहिलं: आंबे तूच खातोस की काय? मुलाने खुलासा पाठवला: यंदा फळच कमी धरलंय, झाडाच्या राखणीला माणसं बसवली आहेत.

चार सुभ्यांचा कारभार बघणारा शाहजादा, आणि त्याला आंब्यांचा हिशेब द्यावा लागतो. हसू येतं खरं, पण एक प्रश्न पडायला हवा. हजार किलोमीटरवर बसलेल्या बादशहाला झाडाखाली काय चाललंय याचा संशय तरी कसा येतो? उत्तर असं की संशय हाच मोगल कारभाराचा पाया होता. त्या काळातल्या आपल्याच मुलखाचं उदाहरण घेऊन तो कारभार कसा चालायचा ते पाहू.

आधी नकाशा. अकबराने १५८० मध्ये राज्याचे बारा सुभे पाडले. सुभ्याच्या पोटात 'सरकार', म्हणजे साधारण आजचा जिल्हा. सरकाराच्या पोटात परगणा, परगण्यात मौजे. पुढे दख्खनचा तुकडा तुकडा हाती येत गेला: वऱ्हाड १५९६ मध्ये, अहमदनगरचा किल्ला १६०० मध्ये, खानदेशातला असीरगड १६०१ मध्ये. बारांचे पंधरा सुभे झाले. १६३६ मध्ये निजामशाही पुरती बुडाली आणि सतरा वर्षांच्या औरंगजेबाला दख्खनवर नेमलं. त्याच्या ताब्यात चार सुभे होते: खानदेश, वऱ्हाड, तेलंगण आणि दौलताबाद. चौसष्ट किल्ले, त्यातले त्रेपन्न डोंगरी. वसूल पाच कोटी रुपये. हा आकडा कागदावरचा आहे. कागद आणि शेत यांच्यातली तफावत पुढे येणारच आहे.

इतर ठिकाणी एका सुभ्याला एक सुभेदार असे. दख्खनमध्ये मात्र सुभ्यांच्या सुभेदारांवर आणखी एक मोठा सुभेदार असायचा. कारण उघड होतं. पलीकडे विजापूर आणि गोवळकोंडा जिवंत होते, पुढे शिवाजी महाराज उभे राहिले. इथला माणूस बलवान हवा, त्याच्याकडे फौज हवी, दिल्लीला न विचारता चार निर्णय घ्यायची मुभा हवी. आणि अशी मुभा मिळालेला बलवान माणूस उद्या स्वतःच छत्र धरेल ही भीतीही हवीच. औरंगजेबाने १६५८ मध्ये बापाला कैदेत टाकलं ते याच दख्खनच्या सुभेदारीच्या जोरावर, म्हणजे भीती उगाच नव्हती.

मोगलांनी यावर काढलेली तोड सोपी होती. तलवार एकाच्या हाती द्यायची आणि थैली दुसऱ्याच्या.

सुभेदाराकडे फौज, बंदोबस्त, बंडाळी मोडणं, फौजदारी न्याय. दिवाणाकडे महसूल, खजिना, जहागिरींचे हिशेब, दिवाणी दावे. आजही आपण 'दिवाणी' आणि 'फौजदारी' खटले म्हणतो, त्यामागे हीच वाटणी आहे. दिवाण मानाने सुभेदाराच्या खालचा, पण त्याच्या हाताखालचा नव्हे. अकबराने १५९५-९६ मध्ये ठरवून टाकलं की सुभ्यांच्या दिवाणांनी थेट दरबारातल्या मुख्य दिवाणाला हिशेब द्यायचा. सोसायटीच्या चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोन सह्या लागतात, तसाच प्रकार. फरक इतकाच की इथला खजिनदार अध्यक्षाने निवडलेला नाही, तो दिल्लीहून आलाय आणि दिल्लीलाच पत्रं लिहितोय.

बरं, एवढ्यावर थांबले नाहीत. सैन्याची हजेरी घ्यायला बक्षी. घोड्याला डाग दिलाय का, स्वाराचा चेहरा नोंदलेल्या वर्णनाशी जुळतो का, हे तो बघणार आणि मगच पगाराचा कागद पुढे सरकणार. बातम्या लिहायला वाकेनवीस, पुष्कळदा बक्षीच ते काम करायचा. वाकेनवीस सुभेदाराला फितूर झाला तर? म्हणून वेगळा सवानेहनिगार. तोही फितूर झाला तर? म्हणून खुफियानवीस, जो कोण आहे हे सुभेदाराला कळायचंच नाही. वरून हरकारे, म्हणजे बातम्या आणणारे जासूद. औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहिलेला व्हेनिसचा मनुची लिहितो की ही बातमीपत्रं रात्री नऊच्या सुमारास बादशहासमोर वाचली जात, आणि वाचायला महालातल्या स्त्रिया असत. म्हणजे औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुभेदाराने कचेरीत कोणाला शिवी हासडली, तर काही दिवसांनी ती बादशहाच्या महालात मोठ्याने वाचली जाण्याची शक्यता होती.

मोठ्या किल्ल्यांचे किल्लेदारही थेट बादशाही हुकमाने नेमले जायचे. ज्या दौलताबादच्या सावलीत सुभेदार राहतो, त्याच्या किल्ल्या त्याच्याकडे नाहीत.

जहांगीरची यादी

अधिकार कापणं एक, रुबाब कापणं दुसरं. बंगालचा सुभेदार इस्लामखान आपल्या गावात बादशहासारखा वागतो अशा तक्रारी गेल्या, तेव्हा १६१२ च्या सुमारास जहांगीरने सीमेवरच्या अमिरांना एक हुकूम काढला. त्यातली कलमं वाचण्यासारखी आहेत. झरोक्यात बसून दर्शन द्यायचं नाही. हत्तींच्या झुंजी लावायच्या नाहीत. शिक्षा म्हणून कोणाचे डोळे काढायचे नाहीत, नाककान कापायचे नाहीत. कोणावर मुसलमान होण्याची सक्ती करायची नाही. आपल्या नोकरांना किताब द्यायचे नाहीत. बाहेर पडताना नगारा वाजवायचा नाही. बादशाही चाकरांना आपल्यासमोर कुर्निसात करायला लावायचं नाही, आपल्या स्वारीबरोबर पायी चालवायचं नाही. त्यांना पत्र लिहिलं तर त्यावर आपला शिक्का उठवायचा नाही.

यातली दोन कलमं माणुसकीची आहेत. बाकी सगळी एकाच गोष्टीची: तू बादशहासारखा दिसता कामा नये. लोकांना राजा दिसतो तो झरोक्यातून, नगाऱ्यातून, शिक्क्यातून. मनाई करावी लागली याचा अर्थ हे सर्रास चालू होतं, हे सांगायला नको.

उलट बादशहाचं फर्मान आलं की सुभेदाराने गावाबाहेर जाऊन ते घ्यायचं, डोक्यावर ठेवायचं, आणि हे सगळ्यांच्या देखत. कागदाच्या तुकड्यापुढे वाकलेला सुभेदार गावाने पाहिला पाहिजे, हा त्यातला हेतू.

हीच अक्कल पुढे मराठी राज्यातही दिसते. मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, पोतनीस असे दरकदार असत. त्यांना मामलेदार काढू शकत नसे आणि त्यांच्या नोंदीशिवाय त्याचा कागद पुढे जात नसे. आडनाव फडणीस किंवा पोतनीस असलेल्या एखाद्या वाचकाचा पूर्वज बहुधा असाच कोणातरी साहेबाच्या डोळ्यात खुपलेला माणूस असणार.

कागदावरचे पैसे आणि शेतातले पैसे

आता थोडं हिशेबाचं, कारण खरी गोम इथे आहे.

मोगल अमिराला मनसब मिळे, म्हणजे दर्जा. त्या दर्जाला ठरलेला पगार आणि सांभाळायचे ठरलेले स्वार. पगार बहुतेकांना रोख मिळत नसे, त्याऐवजी जहागीर मिळे. इथे एक गैरसमज काढून टाकू. ही जहागीर वंशपरंपरेची मालमत्ता नव्हे. अमुक परगण्याचा सरकारी वसूल पुढच्या काही वर्षांसाठी तुझा, इतकाच त्याचा अर्थ. दोन-चार वर्षांत ती बदलायची. सुभेदारही असेच बदलायचे, कोणाला एका जागी मुळं धरू द्यायची नाहीत म्हणून. अमीर मेला की त्याची चीजवस्तू सरकार जप्त करून आधी येणं वळतं करून घेई.

आता समजा कागदावर एका परगण्याची जमा, म्हणजे ठरवलेला वसूल, एक लाख आहे. तो एक लाख पगाराच्या माणसाला दिला. पण दुष्काळ आहे, लढाया आहेत, गावं ओस आहेत, आणि प्रत्यक्षात हाती, म्हणजे 'हासिल', तेहतीस हजार येतात. या तफावतीसाठी मोगल हिशेबनीसांनी छान परिभाषा काढली होती. पूर्ण पगार देणारी जहागीर 'बारमाही'. निम्मा देणारी सहामाही. तेहतीस हजारांची झाली चारमाही. औरंगजेबाने १६५२ नंतर दुसऱ्यांदा दख्खन हाती घेतली तेव्हा कागदावर जमा होती तीन कोटी बासष्ट लाख आणि वसूल झाला एक कोटीच्या आसपास. बाराला तीन पूर्णांक बासष्टने भागा: साधारण सव्वातीन महिने. पगार सव्वातीन महिन्यांचा, चाकरी बारा महिन्यांची.

मग अमीर काय करतो? स्वार कमी ठेवतो आणि बक्षीला खोटी हजेरी देतो, नाहीतर रयतेला पिळतो. बदली दोन वर्षांनी होणारच आहे, विहीर कोणासाठी खोदायची? बदल्यांमुळे बंड टळलं, पण जमिनीची काळजी घेणाराही उरला नाही. माझ्या मते या व्यवस्थेची ही सगळ्यात महागडी किंमत, आणि ती सुभेदाराने नव्हे, कुणब्याने मोजली.

औरंगजेबाने स्वतःची नापीक जहागीर बदलून मागितली. त्याने सगळी चांगली गावं आपल्याकडे घेतली अशी तक्रार वर गेली. कोणी केली हे विचारायला नको, ती यंत्रणा आपण पाहिलीच. शाहजहानने उत्तर दिलं की पिकाऊ गावं स्वतः घ्यायची आणि नापीक दुसऱ्यांच्या गळ्यात मारायची हा अन्याय आहे, तुझा रोख तनखा कमी करतो. आंब्यांची कुरबूर याच पत्रव्यवहारातली. आपल्यामागे थोरला भाऊ दारा बादशहाचे कान भरतोय असं औरंगजेबाला वाटत होतं, आणि १६५६ मध्ये गोवळकोंड्याचा वेढा ऐन रंगात असताना उठवायचा हुकूम आला तेव्हा ते त्याच्या मनात पक्कं बसलं.

या रखरखीत गोष्टीत मला आवडणारा एकच माणूस आहे: मुर्शिदकुलीखान, खुरासानहून आलेला, घाटावरच्या म्हणजे बालाघाटच्या दख्खनचा दिवाण. (बंगालचा मुर्शिदकुलीखान वेगळा आणि नंतरचा.) दख्खनमध्ये तोवर नांगरामागे ठोक सारा घ्यायची पद्धत होती. जमीन कशी आहे, किती आहे, काय पेरलंय याची विचारपूस नाही. याने मोजणी सुरू केली. मोजणीचा दोर धरायला भरवशाचा माणूस नसला तर दिवाणसाहेब स्वतः एक टोक धरून शेतात उभे राहत, असं सांगतात. पिकाची वाटणीही त्याने पाण्याप्रमाणे ठरवली. पावसावरच्या पिकाचा निम्मा हिस्सा सरकारचा, विहिरीवरच्या धान्याचा तिसरा. ऊस-द्राक्षांसारख्या, खर्च करून पिकवायच्या मालावर त्याहूनही कमी, चौथ्या हिश्शापासून नवव्यापर्यंत. ज्याच्याकडे बैल-बियाणं नाही त्याला तगाई, म्हणजे सरकारी उचल, द्यायची आणि हंगामावर हप्त्यांनी वसूल करायची. शेजारी कूळ जुनी ठोक पद्धतच बरी म्हणत असेल तर तिथे ती राहू दिली.

हा माणूस औरंगजेबाच्या मर्जीतला होता, म्हणजे इथे तलवार आणि थैली एका विचाराने चालली. हेच जिथे घडलं नाही तिथे काय होई त्याचा नमुना १६७० चा.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ

१६६३ च्या एप्रिलात लाल महालात शायिस्ताखानाची बोटं तुटली. औरंगजेबाने त्याची बदली बंगालला केली, वाटेत भेटीलासुद्धा येऊ दिलं नाही. त्याच्या जागी शाहजादा मुअज्जम आला. १६६७ मध्ये तो दुसऱ्यांदा आला तेव्हा जवळ मारवाडचा राजा जसवंतसिंह होता, आणि पुढे सेनापती दिलेरखान. बादशहाचा मुलावर विश्वास नव्हता, कारण बादशहा स्वतः कोणे एके काळी दख्खनचा सुभेदार असलेला मुलगा होता. म्हणून दिलेरखानाने वर लिहायचं की शाहजादा शिवाजीला सामील आहे, आणि शाहजाद्याने लिहायचं की दिलेरखान बंडखोर आहे. बोलावणं आलं तरी अटकेच्या धास्तीने दिलेरखान शाहजाद्याच्या भेटीला जाईना. चौकशीला दरबारातून इफ्तिखारखान आला, तर त्याने दोघांनाही एकमेकांची भीती घातली. शेवटी दिलेरखान उत्तरेकडे पळाला आणि दख्खनचा सुभेदार आपल्याच सेनापतीच्या मागे फौज घेऊन तापीपर्यंत धावला.

त्याच वर्षी, १६७० मध्ये, फेब्रुवारीत सिंहगड, मार्चात पुरंदर, ऑक्टोबरात दुसऱ्यांदा सुरत. मावळ्यांच्या शौर्याला यात काही उणेपण येत नाही. पण समोरची बाजू एकमेकांवर हेर सोडण्यात किती गुंतली होती हेही आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवं, एवढंच म्हणणं.

पुढे १६८१-८२ मध्ये औरंगजेब स्वतःच दख्खनमध्ये उतरला. सुभेदारांवर इतका अविश्वास की अखेर बादशहानेच येऊन सुभेदारी केली असं म्हणता येईल. विजापूर १६८६ मध्ये पडलं, गोवळकोंडा १६८७ मध्ये. चाराचे सहा सुभे झाले: खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर, हैदराबाद. मुलूख वाढला, पण आपल्याकडे वळवलेल्या सरदारांना मनसबी वाटता वाटता जहागिरी संपल्या. त्या वेळची तक्रार होती: एक अनार, सौ बीमार. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरला वारला.

त्यानंतर जे झालं त्याला लोक 'सुभेदारांनी बंड केलं' म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. आधी दिल्लीनेच स्वतःचे नियम मोडले. १७०८ मध्ये झुल्फिकारखानाला दख्खनची सुभेदारी दिली आणि दरबारातली मीरबक्षीगिरी, म्हणजे सगळ्या बक्षींचं प्रमुखपणही. तो राहिला दिल्लीत, इथे नायब म्हणून दाऊदखान पन्नी. ज्याच्यावर नजर ठेवायची आणि जो नजर ठेवतो ते एकच झाले. १७१५ मध्ये दिल्लीत तेव्हा जोरात असलेल्या सय्यद बंधूंपैकी हुसेनअली सुभेदार होऊन निघाला, तर बादशहा फर्रुखसियरने दाऊदखानालाच गुपचूप कळवलं की याला वाटेत मारा. बऱ्हाणपुराजवळ लढाई झाली, मेला दाऊदखान. मग बादशहाने शाहू महाराजांकडेही गुप्त पत्रं पाठवली की आमच्या सुभेदाराला दाद देऊ नका. आपल्याच सुभेदाराविरुद्ध आपल्याच शत्रूला पत्र! हुसेनअलीने साहजिकच शाहूंशी तह केला, बाळाजी विश्वनाथ मराठी फौज घेऊन त्याच्याबरोबर दिल्लीला गेले, फर्रुखसियर गादीवरून गेला आणि १७१९ मध्ये सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा साताऱ्याला आल्या. सहा सुभ्यांची जमा तेव्हा अठरा कोटी धरली होती, म्हणजे साडेचार कोटी चौथाई आणि एक कोटी ऐंशी लाख सरदेशमुखी. कागदावर. बदल्यात शाहूंनी सुभेदाराच्या मदतीला पंधरा हजार फौज ठेवायची होती.

बंगालमध्ये हेच कमी रक्त सांडून झालं. तिथला दिवाण मुर्शिदकुलीखान आधी सुभेदाराशी पटत नाही म्हणून ढाका सोडून मुर्शिदाबादला कचेरी घेऊन गेला आणि १७१७ मध्ये स्वतःच सुभेदारही झाला. तलवार-थैली एकाच खुंटीला टांगली गेली.

दख्खनची शेवटची पाळी सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला आली. निजामउल्मुल्क, हैदराबादच्या निजामांचा मूळपुरुष, वजिरी सोडून दक्षिणेकडे निघाला तेव्हा बादशहा महंमदशाहाने हैदराबादच्या मुबारिझखानाला आतून सांगितलं की दख्खनची सुभेदारी तुझी, याला हटव. जुनाच डाव, नववा की दहावा. ११ ऑक्टोबर १७२४ ला लढाई झाली, मुबारिझखान पडला. निजामाने त्याचं मुंडकं बादशहाकडे पाठवलं आणि सोबत एका बंडखोराचा बंदोबस्त केल्याबद्दल अभिनंदन कळवलं, असं सांगतात. साखरखेर्ड्याचं नाव त्याने फत्तेखेर्डा ठेवलं, पण लोकांनी जुनंच चालवलं. दिल्लीने पुढच्या वर्षी त्याला रीतसर सुभेदार म्हणून मान्यता दिली आणि वर आसफजाह हा किताबही.

आणि मजा अशी की त्याने छत्र धरलंच नाही. स्वतःला तो बादशहाचा सुभेदारच म्हणवत राहिला. दिवाण तो नेमणार, जहागिरी तो वाटणार, सुभेदारी मुलांकडे जाणार, पण खुत्बा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, बादशहाच्या नावाचा आणि रुपयावर नावही बादशहाचंच. हैदराबादच्या टाकसाळीत हे १८५७ पर्यंत चाललं. मग इंग्रजांनी बहादूरशाह जफरला रंगूनला नेलं आणि नाण्यावर घालायला दिल्लीत कोणी उरलं नाही, तेव्हा कुठे निजामांनी तिथे आसफजाहांचं नाव घातलं.